हायब्रिड ट्रक : मोटर आणि इंजिन यांमधील अदलाबदल

डिझेल इंजिन आणि बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर अशी दोन्ही साधने असलेल्या, आणि चालता चालता त्यांपैकी एकावर किंवा दोहोंवर मिळून धावू शकणाऱ्या मालवाहू वाहनाला हायब्रिड ट्रक म्हणतात. इंधन म्हणून डिझेलऐवजी पेट्रोल वा नैसर्गिक वायूही काही ठिकाणी वापरतात. पहिल्या महायुद्धात फर्डिनांड पोर्श यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी अवजड तोफा ओढणाऱ्या ज्या पेट्रोल-विद्युत गाड्या आखल्या, त्यांत इंजिन जनित्र फिरवी आणि जनित्राची वीज चाकांतल्या मोटरींना मिळे. परंतु तिथे वीज साठवून तिच्यावर धावण्याची सोय नव्हती, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच नव्हता. आजच्या हायब्रिड ट्रकचे सारे मर्म या अदलाबदलीत आहे.

मालवाहू गाडीला मोटर जोडण्याचे मूळ कारण तिचे वजन. ७.५ टनांचा ट्रक ताशी ५० किमी वेगाने धावत असताना त्याच्यात सुमारे ०.२ युनिट (किलोवॅट-तास) गतिज ऊर्जा असते. ४० टनांची भरलेली गाडी ताशी ८० किमीने जात असेल तर ती ऊर्जा पावणेतीन युनिटांच्या आसपास जाते. हीच गाडी १०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ११ युनिट ऊर्जा मोकळी होते. साध्या ट्रकमध्ये यातील बराचसा भाग ब्रेक लायनर आणि ड्रम तापवण्यात जातो. मोटर उलट कामाला लावली की ती जनित्र बनते आणि त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. कचरा उचलणाऱ्या, दारोदार पार्सल पोहोचवणाऱ्या गाड्या शंभर-दोनशे मीटरवर थांबतात आणि पुन्हा उठतात. हायब्रिडचा खरा फायदा त्यांना होतो. सपाट महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने जाणाऱ्या गाडीत परत मिळवण्यासारखे फारसे काही नसते आणि बॅटरीचे ओझे मात्र सतत वाहावे लागते.

ट्रकमध्ये सर्वांत रूढ झालेली मांडणी समांतर प्रकारची आहे. इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे मोटर, मग गिअरबॉक्स, आणि तिथून प्रॉपेलर शाफ्टने मागचा अ‍ॅक्सल असा हा क्रम असतो. क्लच सुटलेला असला की इंजिनाचा रस्त्याशी संबंध तुटतो आणि गाडी एकट्या मोटरवर चालते. क्लच जुळला की इंजिन आणि मोटर एकाच दांड्यावर येतात. मित्सुबिशी फुसोच्या कॅंटर इको हायब्रिडमध्ये (२००६, दुसरी पिढी २०१२) आणि अमेरिकेत ईटन कंपनीने बनवलेल्या संचात हाच क्रम होता. ईटनच्या संचातील मोटर ४४ किलोवॅटची होती आणि फेडएक्सच्या पार्सलगाड्यांत तो २००४ पासून वापरात आला. दुसऱ्या, म्हणजे एकसरी मांडणीत चाके नेहमी मोटरच फिरवते आणि इंजिन फक्त जनित्र चालवते. तिथे इंजिन सुरू वा बंद झाले तरी चाकांना त्याची गंधवार्ता नसते, त्यामुळे अदलाबदल सोपी असते. पण लांबच्या प्रवासात इंजिनाच्या शक्तीचे आधी विजेत आणि मग पुन्हा फिरण्यात रूपांतर करताना घट सोसावी लागते. पुढील वर्णन समांतर मांडणीचे आहे, कारण कठीण काम तिथेच आहे.

हस्तांतराचा क्षण. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन बंद आहे असे समजू. चालक ॲक्सलरेटर दाबतो आणि गाडी मोटरवर उठते. मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच जवळजवळ पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देऊ शकते. डिझेल इंजिनाला मात्र मिनिटाला पाचशे-सहाशे फेऱ्यांच्या खाली जगताच येत नाही, म्हणून साध्या ट्रकमध्ये भरलेली गाडी उचलताना क्लच घसरवावा लागतो. क्लचप्लेटची झीज मुख्यतः इथेच होते. हायब्रिडमध्ये ही पहिली उचल मोटरकडे देणे हा नुसत्या इंधनबचतीचा भाग नाही. त्यामुळे क्लचचे आयुष्यही वाढते.

वेग वाढला किंवा चालकाने जोराने पाय दाबला, की गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंजिनाला हाक देतो. बंद इंजिन फिरवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेगळा स्टार्टर. दुसऱ्यात क्लच किंचित जुळवून धावती मोटरच इंजिनाला ओढून फिरवते. दुसरा मार्ग सुबक असला तरी त्यात मोटरचा काही टॉर्क चाकांऐवजी इंजिनाकडे वळतो, आणि तेवढ्या क्षणापुरती गाडी मंदावल्यासारखी वाटू शकते. म्हणून एकट्या मोटरवर चालतानाही तिची सगळी ताकद वापरून टाकत नाहीत. इंजिन उठवण्यापुरती ती राखून ठेवावी लागते. कॅंटरमध्ये याहून साधा उपाय केला होता. गाडी मोटरवर उठत असताना इंजिन बंद न करता नुसते आयडलवर ठेवलेले असे. थोडे डिझेल जळते, पण हाक दिल्याबरोबर इंजिन तयार असते.

इंजिनात इंधन पेटले तरी क्लच लगेच घट्ट करता येत नाही. मोटरचा दांडा मिनिटाला समजा १,२०० फेऱ्यांनी फिरतो आहे आणि इंजिन ७०० वर आहे. अशा वेळी क्लच जुळवला तर तो फरक धक्का बनून प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे जॉइंट आणि डिफरन्शियलमधून मागे जातो. हौद्यातला माल सरकतो आणि सांधे खिळखिळे होतात. त्यामुळे नियंत्रक आधी इंजिनाच्या फेऱ्या मोटरच्या बरोबरीला आणतो आणि मगच क्लच बंद करतो.

त्यानंतर टॉर्कचे हस्तांतर होते, आणि अभियंत्यांचे खरे कसब इथे दिसते. डिझेल इंजिन टर्बोचार्जरवर अवलंबून असते. हवेचा दाब वाढेपर्यंत ते पूर्ण जोर देत नाही. मोटरचा टॉर्क मात्र काही मिलिसेकंदांत हवा तसा कमी-जास्त करता येतो. म्हणून इंजिनाला त्याच्या चालीने वर येऊ देतात आणि ते जेवढे वाढेल तेवढेच मोटरला उतरवतात. दोहोंची बेरीज चालकाच्या पायाने मागितलेल्या टॉर्कइतकी राहिली पाहिजे. ती राहिली तर चालकाला फक्त आवाजात फरक कळतो. उलट दिशेचे काम तुलनेने सोपे आहे. मोटर भार उचलते, इंजिनाचे इंधन तुटते, क्लच सुटतो.

गिअर बदलताना मात्र या मांडणीची मर्यादा उघडी पडते. मोटर गिअरबॉक्सच्या अलीकडे असल्यामुळे, गिअर न्यूट्रलमधून जात असताना इंजिनाप्रमाणे तिचाही चाकांशी संबंध तुटतो, आणि चढावर ओढीत पडलेला तो क्षणभराचा खंड जाणवतो. मोटर एवढेच करू शकते की गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या झटकन जुळवून तो खंड आखूड करते. दुसऱ्या पिढीच्या कॅंटरमध्ये यावर दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स वापरला. स्कॅनिया कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या संचात दोन मोटरी आणि सहा गिअर आहेत. एक मोटर गिअर बदलत असताना दुसरी ओढत राहते.

निर्णय कसा होतो. कमी वेगाला मोटर आणि जास्त वेगाला इंजिन असा नियम अनेकदा सांगितला जातो. ट्रकच्या बाबतीत तो अपुरा आहे. ४० टनांच्या गाडीला ५ टक्क्यांच्या चढावर ताशी ४० किमीने जायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २२० किलोवॅट लागतात. मोकळी तीच गाडी सपाटीवर त्याच वेगाला याच्या लहानशा अंशात भागवते. वेग तोच असला तरी निर्णय वेगळा येतो. म्हणून नियंत्रक पायाचा दाब, वेग, चढ, गाडीचे अंदाजित वजन, बॅटरीची पातळी आणि तापमान हे सगळे एकत्र पाहतो. वापरायच्या विजेच्या प्रत्येक अंशाला तो इंधनाचा भाव लावतो. आज बॅटरीतून काढलेली वीज उद्या डिझेल जाळून भरावी लागणार असेल, तर ती आता खर्च करणे परवडते का, हे गणित तो सेकंदाला अनेकदा करतो.

या गणिताला काही बंधने आहेत, आणि माहितीपत्रकांत त्यांना फारशी जागा मिळत नाही. धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे नष्ट करणारा उत्प्रेरक साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर असेल तरच नीट काम करतो. इंजिन वारंवार बंद ठेवले तर उत्प्रेरक थंड पडतो आणि पुढच्या सुरुवातीला धूर घाण निघतो. म्हणजे डिझेल वाचवण्याच्या नादात हवा बिघडू नये यासाठी कधीकधी इंजिन चालू ठेवावे लागते. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. टाकीतला दाब उतरला आणि कॉम्प्रेसर इंजिनावर असेल, तर बाकी कारण नसतानाही इंजिन उठते. पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचे तसेच. हे दोन्ही विजेवर नेल्याशिवाय अवजड ट्रक खऱ्या अर्थाने इंजिन बंद करून धावू शकत नाही. शिवाय सुरू होण्याची आणि बंद होण्याची मर्यादा एकाच आकड्यावर ठेवली तर रहदारीत इंजिन सारखे चालू-बंद होत राहील, म्हणून या दोन मर्यादांत मुद्दाम अंतर ठेवतात.

ब्रेक दाबल्यावरही अशीच वाटणी होते. ७.५ टनांचा ट्रक ताशी ५० किमीवरून १० सेकंदांत थांबवायचा तर सरासरी ७२ किलोवॅट शोषावे लागतात. ४० किलोवॅटची मोटर त्यातले निम्म्याहून थोडे अधिक घेईल, उरलेले नेहमीच्या ब्रेकने पेलायचे. चाक घसरू लागले तर एबीएसला (चाके घसरू न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेला) पूर्ण ताबा मिळावा म्हणून मोटरचे जनित्रकाम तत्काळ थांबवतात. लांब उतारावर बॅटरी भरली की मोटर काही घेऊ शकत नाही आणि इंजिन ब्रेकवर यावे लागते.

यावरचा सुज्ञ उपाय म्हणजे पुढचा रस्ता आधी वाचणे. हिनो कंपनीने जपानमध्ये २०१९ साली आणलेल्या प्रोफिया हायब्रिड या अवजड ट्रकमध्ये पुढच्या १०० किमीपर्यंतच्या चढउतारांचा अंदाज घेऊन बॅटरी कुठे रिकामी करायची आणि कुठे भरायची हे ठरवले जाते. घाटमाथ्याला पोहोचेपर्यंत बॅटरीत जागा झालेली असली, तरच उताराची ऊर्जा पदरात पडते. स्कॅनियाने तर नकाशावर आखलेल्या हद्दीत, उदाहरणार्थ रात्रीच्या शहरात, गाडी आपोआप विजेवर जाईल अशी सोय केली.

वाटेतच वीज मिळाली तर अदलाबदलीचे स्वरूप आणखी बदलते. स्वीडनमध्ये येव्लेजवळ ई-१६ महामार्गाच्या २ किमी पट्ट्यावर जून २०१६ मध्ये आणि जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या ए-५ महामार्गावर मे २०१९ मध्ये सीमेन्स कंपनीच्या विजेच्या तारा टांगून स्कॅनियाचे हायब्रिड ट्रक चालवण्यात आले. मुंबईच्या लोकलच्या टपावर असतो तसा पेंटोग्राफ या ट्रकवर असतो. फरक एवढाच की परतीच्या प्रवाहासाठी रस्त्यावर रूळ नसल्याने वर दोन तारा लागतात. ताशी ९० किमीपर्यंत धावतानाच पेंटोग्राफ तारेला लागतो. ट्रकला पुढच्या गाडीला ओलांडायचे असेल किंवा तार संपली, तर तो खाली येतो आणि गाडी बॅटरीवर वा डिझेलवर पुढे जाते.

भारतात हायब्रिड ट्रक रुजलेले नाहीत. या तंत्राशी महाराष्ट्राची ओळख झाली ती बसमधून. टाटा मोटर्सने २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएला २५ स्टारबस हायब्रिड बस दिल्या. सतत थांबणारी शहर-बस आणि पार्सलगाडी यांची गरज एकाच जातीची आहे.

बॅटरीच्या आकाराप्रमाणे या अदलाबदलीची वारंवारता ठरते. स्कॅनियाच्या २०१८ च्या ट्रकमध्ये १३० किलोवॅटची मोटर आणि वापरण्याजोगी ७.४ युनिटची क्षमता होती, म्हणजे केवळ विजेवर सुमारे १० किमी. तिथे हस्तांतर दिवसभर, थांब्याथांब्याला होई. २०२१ च्या, बाहेरून चार्ज करता येणाऱ्या ट्रकमध्ये बॅटरी ९० युनिटची झाली आणि विजेवरचा पल्ला ६० किमीवर गेला. अशा गाडीत इंजिन गोदामापासून शहराच्या वेशीपर्यंत चालते, वेशीवर बंद होते आणि माल उतरवून परत बाहेर पडेपर्यंत उठवावे लागत नाही.