वायल्डर कुटुंब

वायल्डर कुटुंब हे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत भारतातील ख्रिस्ती मिशनकार्याशी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील धर्मप्रचाराच्या चळवळीशी निगडित असलेले अमेरिकन कुटुंब होते. रॉयल गोल्ड वायल्डर (१८१६–१८८७) आणि त्यांच्या पत्नी एलायझा जेन हे कोल्हापूर संस्थानात काम करणारे आरंभीचे मिशनरी होत. त्यांची कन्या ग्रेस (१८६१–१९११) आणि पुत्र रॉबर्ट पारमेली (१८६३–१९३८) यांच्या पुढाकारातून अमेरिकेत 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' ही विद्यार्थी-स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. या चळवळीने पुढील काही दशकांत सुमारे २०,००० तरुण-तरुणींना मिशनरी म्हणून परदेशी पाठविले. चळवळीचा इतिहास सहसा अमेरिकन महाविद्यालयांच्या आवारात सुरू होतो असे सांगितले जाते. परंतु तिचे मूळ कोल्हापुरातील एका घराशी जाऊन मिळते, आणि त्या घरातील स्त्रियांचा वाटा बराच काळ तळटीपेपुरताच राहिला.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेतील परदेशी मिशनकार्याचा आरंभच विद्यार्थ्यांनी केला होता. १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले असता त्यांनी आशियात धर्मप्रचारास जाण्याचा विचार केला, असे सांगितले जाते. पुढे त्यांच्यातील काहींनी व त्यांच्या सोबत्यांनी 'ब्रदरन' नावाचे एक गुप्त मंडळ स्थापन केले. ते अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयात नेण्यात आले. याच वर्तुळातील गॉर्डन हॉल हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि 'अमेरिकन मराठी मिशन'चा पाया घातला गेला. म्हणजे मराठी मुलूख आणि अमेरिकेतील विद्यार्थी-चळवळ यांचा संबंध वायल्डरांच्याही आधीचा आहे.

== रॉयल वायल्डर आणि शाळांचा वाद ==

रॉयल वायल्डर यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील ब्रिडपोर्ट येथे झाला. मिडलबरी कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर ते अँडोव्हर येथे धर्मशास्त्र शिकले व तेथे ब्रदरन मंडळाचे सभासद झाले. १८४६ मध्ये 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेतर्फे ते सपत्नीक भारतात आले आणि अहमदनगर येथे राहिले. त्या काळी नगरच्या मिशनमध्ये सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत होत्या. याच शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट मराठी वाचकांस परिचित आहे.

१८५२ मध्ये वायल्डर दांपत्य कोल्हापुरास आले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर संस्थानाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होता. परकीय धर्मोपदेशकाचे स्वागत होण्यासारखे वातावरण शहरात नव्हते. वायल्डर यांनी प्रचाराइतकेच लक्ष शाळांकडे दिले, आणि याच मुद्द्यावरून त्यांचे वरिष्ठांशी बिनसले.

अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये भारतातील मिशनांची पाहणी करून गेले. मिशनरीने देशी भाषेत उपदेश करावा, स्थानिक मंडळ्या उभ्या कराव्यात आणि त्या लौकर स्वावलंबी व्हाव्यात, असे त्यांचे मत होते. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर होणारा खर्च त्यांना मिशनच्या मूळ हेतूपासून दूर नेणारा वाटे. त्यांच्या भेटीनंतर नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. वायल्डर यांना हे धोरण मान्य नव्हते. प्रकृतीच्या कारणास्तव ते अमेरिकेत गेले असता बोर्डाने कोल्हापूरचे मिशनच बंद करण्याचा निर्णय घेतला. वायल्डर यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तक १८६१ मध्ये प्रसिद्ध केले व त्याच वर्षी कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसताना ते कुटुंबासह कोल्हापुरास परतले.

या वादात दोन्ही पक्षांकडे बळ होते. अँडरसन यांची स्वावलंबी मंडळीची कल्पना पुढे मिशनविषयक विचारात मोलाची ठरली. मात्र जेथे साक्षरताच विरळ होती तेथे शाळा वजा करून काय उरते, हा वायल्डर यांचा प्रश्नही दूर सारण्यासारखा नव्हता. या प्रश्नाची किंमत त्यांनी स्वतः भरली: जवळजवळ दहा वर्षे हे मिशन स्वतंत्रपणे, देणग्यांवर चालले. १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेतले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिरजेचे मिशन रुग्णालय हे याच मिशनच्या पुढील विस्तारातले होय.

वायल्डर यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रनोंदींत त्यांनी ३,००० हून अधिक गावांत उपदेश केल्याचे आणि ३,३०० हून अधिक विद्यार्थी शाळांत आणल्याचे म्हटले आहे. त्यांपैकी ३०० मुली होत्या. हे आकडे मिशनच्या बाजूचे आहेत, हे ध्यानात ठेवले तरी शाळांवरील त्यांचा भर त्यांतून दिसतो.

== प्रिन्स्टन येथील घर ==

रॉबर्ट यांचा जन्म कोल्हापुरात झाला व ग्रेस आणि रॉबर्ट यांचे बालपण मराठी भाषा ऐकत-बोलत गेले. १८७० च्या दशकाच्या मध्यास वडिलांच्या प्रकृतीमुळे कुटुंबाने भारत सोडला. प्रिन्स्टन येथे स्थायिक झाल्यावर रॉयल वायल्डर यांनी १८७८ मध्ये 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. बोर्डांच्या कारभारावर त्यात सडेतोड टीका येत असे; जुना वाद त्यांनी सोडला नव्हता.

ग्रेस माउंट होल्योक या स्त्रियांच्या विद्यालयात शिकल्या. देव बोलावील तेथे, प्रसंगी परदेशीही, जाण्याची तयारी असल्याचे एक निवेदन तेथील विद्यार्थिनींच्या मंडळाने केले होते. ग्रेस त्या मंडळात अग्रभागी होत्या. १८८३ मध्ये रॉबर्ट व त्यांच्या मित्रांनी प्रिन्स्टन कॉलेजात 'फॉरेन मिशनरी सोसायटी' स्थापन केली. तिच्या प्रतिज्ञेचा मसुदा माउंट होल्योकच्या निवेदनाशी इतका मिळताजुळता आहे की बहिणीचा हात त्यात स्पष्ट दिसतो. मंडळाची रचना वडिलांनी सांगितलेल्या ब्रदरनच्या आठवणींवर बेतली होती. रविवारी दुपारी वायल्डरांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरे आणि वडील भारतातील अनुभव सांगत. सभा चालू असताना ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थना करीत. अमेरिकन महाविद्यालयांतून १,००० स्वयंसेवक मिळावेत, ही त्या दोघा भावंडांची मागणी होती.

== माउंट हर्मन, १८८६ ==

१८८६ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या माउंट हर्मन शाळेत यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या (वायएमसीए) महाविद्यालयीन शाखांचे जवळजवळ महिनाभराचे शिबिर भरले. ८९ महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी तेथे जमले. शिबिर बायबलच्या अभ्यासासाठी होते. परदेशी मिशन हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. रॉबर्ट यांनी पहिल्याच आठवड्यात समविचारी विद्यार्थी शोधले आणि दररोज प्रार्थनासभा सुरू केली. २३ जुलैच्या सभेत निरनिराळ्या दहा देशांशी जन्माने वा वास्तव्याने संबंध असलेल्या वक्त्यांनी आपापल्या देशाविषयी थोडक्यात सांगितले. शिबिर संपेपर्यंत १०० विद्यार्थ्यांनी मिशनरी होण्याची तयारी दर्शविली. त्यांत कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन मॉट होते, ज्यांना पुढे १९४६ चा शांततेचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

शिबिर केवळ पुरुषांसाठी असल्याने ग्रेस तेथे नव्हत्या. शंभर जण पुढे येतील, असे त्यांनी निघण्यापूर्वी भावाला सांगितल्याचे रॉबर्ट यांनी नोंदविले आहे.

हा उत्साह ओसरू नये म्हणून दोघांनी वर्षभर महाविद्यालयांचा दौरा करावा असे ठरले. रॉबर्ट यांच्या जोडीला जॉन फॉर्मन होते. लाहोरचे फॉर्मन ख्रिश्चन कॉलेज स्थापन करणाऱ्या चार्ल्स फॉर्मन यांचे ते पुत्र. म्हणजे दोघेही भारतातील मिशनरी घरांतले. परंतु त्या वेळी रॉयल वायल्डर गंभीर आजारी होते व ते फार दिवस काढणार नाहीत असे डॉक्टरांचे मत होते. मुलाने जावे की राहावे, हा प्रश्न घरात उभा राहिला. वडिलांनी पित्याच्या उत्तरक्रियेविषयीच्या येशूच्या एका वचनाचा आधार देऊन त्याला जाण्यास सांगितले. १८८६-८७ च्या त्या दौऱ्यात १६० हून अधिक संस्थांना भेटी देण्यात आल्या आणि सुमारे २,१०० जणांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यांत काही शे स्त्रिया होत्या. वडील दौरा पूर्ण होईपर्यंत जगले. १० ऑक्टोबर १८८७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

डिसेंबर १८८८ मध्ये स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंटची रीतसर स्थापना झाली. मॉट अध्यक्ष व रॉबर्ट फिरते चिटणीस झाले. 'याच पिढीत जगाला शुभवर्तमान' या आशयाचे तिचे घोषवाक्य फार गाजले आणि त्यावर टीकाही झाली. जर्मन मिशन-अभ्यासक गुस्टाव्ह वॉर्नेक यांना त्यात उतावीळपणा दिसला. प्रत्येकाचे धर्मांतर नव्हे तर प्रत्येकाला ऐकण्याची संधी एवढाच त्याचा अर्थ आहे, असे चळवळीचे पुढारी सांगत राहिले. प्रतिज्ञेचे शब्दही १८९२ मध्ये बदलण्यात आले: केवळ 'तयारी व इच्छा' न म्हणता 'हेतू' हा अधिक निश्चित शब्द आला.

== पुणे आणि कलकत्ता ==

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन धर्मशास्त्र विद्यालयातील शिक्षण संपवून रॉबर्ट भारताकडे निघाले. वाटेत ब्रिटन व स्कँडिनेव्हियातील विद्यापीठांत त्यांनी काम केले. ब्रिटनमधील विद्यार्थी-स्वयंसेवकांची संघटना १८९२ मध्ये त्यातूनच आकारास आली. नॉर्वेत त्यांची हेलेन ओल्सन यांच्याशी भेट झाली व १८९२ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस हे दांपत्य भारतात पोहोचले.

१८९३ ते १८९७ या काळात रॉबर्ट प्रामुख्याने पुण्यात महाविद्यालयीन व सुशिक्षित तरुणांत काम करीत होते. त्यांच्या कामाला याहून प्रतिकूल काळ क्वचितच मिळाला असता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य उठले होते. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील धर्मांतराच्या आरोपांनी शहर ढवळून निघाले. मिशनऱ्याच्या घरचा चहा ज्या शहरात प्रायश्चित्ताचा विषय होत होता, तेथे डेक्कन किंवा फर्ग्युसन कॉलेजातील विद्यार्थ्याने मिशनऱ्याशी उघड मैत्री ठेवणे सोपे नव्हते. अमेरिकेत एका संध्याकाळच्या सभेत पन्नास-पन्नास सह्या घेणाऱ्या वक्त्याला येथे एकेका तरुणाशी संभाषण करावे लागले. तिकडे विद्यार्थ्याला केवळ देश सोडावयाचा होता. इकडे बाप्तिस्मा म्हणजे घर आणि जात यांवर पाणी सोडणे होते. महाविद्यालयीन धर्मप्रचाराची एकच पद्धत दोन समाजांत किती भिन्न फळे देते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मध्यंतरी अमेरिकेत काम करून १८९९ मध्ये रॉबर्ट वायएमसीएचे महाविद्यालयीन चिटणीस म्हणून भारतात परतले. कलकत्ता हे त्यांचे मुख्य केंद्र होते. १९०२ मध्ये प्रकृती पूर्णपणे ढासळल्याने त्यांना भारत कायमचा सोडावा लागला. ज्या देशासाठी हजारो तरुणांना त्यांनी पुढे आणले, त्या देशात त्यांना स्वतःला दहा वर्षेही सलग काम करता आले नाही.

== एलायझा आणि ग्रेस वायल्डर ==

पतीच्या निधनानंतर एलायझा कन्येसह पुन्हा भारतात आल्या. दोघींनी कोल्हापूर परिसरात आणि नंतर आजच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे काम केले. ग्रेस यांचा ओढा खेड्यांतील स्त्रियांकडे होता. महाविद्यालयीन तरुणींसाठी त्यांनी लिहिलेली, मिशनकार्यास जावे की न जावे या प्रश्नावरची एक छोटी पुस्तिका चळवळीने प्रसिद्ध केली होती. भाऊ व्यासपीठांवरून इतरांना जे आवाहन करीत होता ते बहिणीने शब्दशः पाळले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. चळवळीच्या बहुतेक वृत्तान्तांत त्यांचा उल्लेख 'प्रार्थना करणारी बहीण' एवढाच येतो, हे त्यांच्या कामाच्या मानाने अपुरे आहे.

== उत्तरकाळ ==

भारत सोडल्यानंतर रॉबर्ट यांनी युरोपातील व ब्रिटनमधील विद्यार्थी-संघटनांसाठी अनेक वर्षे काम केले. १९१९ ते १९२७ या काळात ते स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंटचे सरचिटणीस होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी चळवळीने सभासदसंख्येचा उच्चांक गाठला आणि लगेच उतारही सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ती राष्ट्रांनीच हा संहार केला, मग इतरांना काय शिकवावयाचे, असे वाटू लागले होते. १९१९-२० च्या डेस मॉइन्स अधिवेशनात वंशभेद, कामगार आणि युद्ध यांविषयी बोला, जुनी वाक्ये नकोत, असा सूर तरुणांनी लावला. ज्या प्रतिज्ञापत्राभोवती चळवळ उभी होती तेच आता अनेकांना संकुचित वाटू लागले.

१९२७ ते १९३३ या काळात रॉबर्ट कैरो येथे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती परिषदेचे चिटणीस होते. १९३६ मध्ये त्यांनी चळवळीच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. १९३८ मध्ये नॉर्वे येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या रूथ वायल्डर ब्रेस्टेड यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९४१ मध्ये प्रकाशित झाले. कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च या नावाने कुटुंबाची खूण आजही आहे.