लोकरी मावा

लोकरी मावा : उसाच्या पानांतील रस शोषून घेणारी कीड. हेमिप्टेरा गणाच्या ॲफिडिडी कुलातील या कीटकाचे शास्त्रीय नाव सेरॅटोव्हॅक्यूना लॅनिजेरा असे आहे. अंगावरील पांढऱ्या मेणतंतूंमुळे त्याच्या वसाहती लोकरीसारख्या दिसतात. त्या पानाच्या खालच्या बाजूस, मुख्यतः मध्यशिरेलगत आढळतात. मादी नराशी संयोग न होताच पिलांना जन्म देते. त्यामुळे किडीची संख्या झपाट्याने वाढते.

मावा वर्गातील अनेक जाती विषाणुरोगांचा प्रसार करतात. उदा., ज्वारी व मक्यावरील मावा उसाच्या मोझेक रोगाचा वाहक आहे. लोकरी माव्याचे नुकसान निराळ्या प्रकारचे असते. त्याच्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, पाने काजळल्यासारखी होतात, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि उसाचे वजन व साखरेचे प्रमाण घटते.

इतिहास : जावातील उसावरील या जातीचे वर्णन झेंटनर यांनी १८९७ मध्ये केले. भारतात तिची नोंद १९५८ मध्ये पश्चिम बंगालमधून झाली. त्यानंतर बराच काळ ती पूर्व व ईशान्य भागांपुरतीच मर्यादित राहिली. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात तिचा उद्रेक झाला व अल्पावधीतच ती पश्चिम महाराष्ट्रातील इतर ऊसक्षेत्रांत आणि उत्तर कर्नाटकात पसरली. पंख असलेले कीटक वाऱ्याबरोबर दूर जातात. तसेच कीडग्रस्त पानांच्या व वाढ्यांच्या वाहतुकीतूनही प्रसार होतो. म्हणून अशी पाने शेताबाहेर नेऊ नयेत, असा सल्ला देण्यात आला. माण, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या दृष्टीने तो पाळणे अवघड होते; कारण दुष्काळात उसाचे वाढे हा जनावरांचा मोठा आधार असतो.

नियंत्रण : प्रारंभी कीटकनाशकांवर भर होता. परंतु उंच, दाट उसात फवारा पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचत नाही. शिवाय मित्रकीटकही मरतात. डिफा ॲफिडिव्होरा या पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस इगोरोटस हा कीटक माव्याचे प्रभावी भक्षक ठरले. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी मित्रकीटकांच्या वापरास चालना दिली. आसाममधून आणलेला एन्कार्सिया फ्लॅव्होस्कुटेलम हा परजीवी कीटकही सोडण्यात आला. पुढील काही वर्षांत उद्रेक ओसरला. कीड समूळ नाहीशी झालेली नाही. म्हणून भक्षक आढळल्यास फवारणी टाळणे इष्ट ठरते. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यामुळे आटपाडी परिसरातही उसाची लागवड शक्य झाल्याने या अनुभवाचे महत्त्व माणगंगेच्या खोऱ्यातही वाढले आहे.