१४ जानेवारी १८३७ : नॉर्वेत गावचा कारभार गावाच्या हाती

राजा राखूनही कारभार लोकांच्या हाती देता येतो, हे उदारमतवादी सूत्र नॉर्वेत या दिवशी गावपातळीवर पोहोचले. संसदेने, म्हणजे स्टॉर्टिंगने, संमत केलेल्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांवर राजा कार्ल योहान याची मोहोर उमटली. नेपोलियनचा हा एकेकाळचा सेनानी सहजासहजी वळला नव्हता. आधीचे विधेयक त्याने नाकारले होते. पण १८३३ च्या संसदेत शेतकरी मोठ्या संख्येने निवडून आले होते आणि त्यांनी विषय लावून धरला. शाळा, गरिबांची तरतूद यांवरचा खर्च आता गावाने निवडलेली मंडळी ठरवू लागली. मताधिकार मात्र मालमत्ता किंवा पद असलेल्या पुरुषांपुरताच होता, ही मोठी उणीव. स्त्रियांना स्थानिक निवडणुकांत मर्यादित मताधिकार मिळाला तो १९०१ मध्ये.