बेने इस्रायल समाज आणि ‘शामा’ हे क्रियापद

अलिबाग, रेवदंडा, पेण या परिसरात शतकानुशतके राहून मराठी हीच मातृभाषा मानणाऱ्या बेने इस्रायल समाजाकडे दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते आणि त्या भाषेचे ज्ञानही जवळजवळ लोपले होते. शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी धार्मिक प्रसंगी म्हणावयाचे ‘शेमा’ हे वचन मात्र मुखोद्गत राखले होते. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात येणाऱ्या या वचनात ईश्वराच्या एकत्वाची घोषणा असून, त्याचा पहिला शब्द म्हणजे ‘ऐकणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप होय.

हिब्रू क्रियापदे बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. येथे शिन, मेम आणि अयिन ही ती व्यंजने होत, त्यांपैकी अयिन या कंठ्य वर्णाला देवनागरीत नेमके अक्षर नाही. कोशात या धातूची नोंद ‘शामा’, म्हणजे ‘त्याने ऐकले’, या भूतकाळी रूपाने होते. ‘निश्मा’ म्हणजे ऐकले गेले, तर ‘हिश्मिआ’ हे प्रयोजक रूप, म्हणजे ऐकवले. शिमोन आणि इश्माएल ही विशेषनामेही याच धातूशी निगडित आहेत. प्राचीन हिब्रूत ध्वनी कानी पडणे, लक्ष देणे, समजणे आणि आज्ञा पाळणे हे सर्व अर्थ या एकाच क्रियापदात सामावतात, आणि एखाद्याच्या ‘आवाजाला ऐकणे’ असा प्रयोग आला की तेथे आज्ञापालनच अभिप्रेत असते.

या रूपांचे व्याकरण समाजाला उमगू लागले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. त्याआधी मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभारले. पुढे कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी धार्मिक विधींचे शिक्षण दिले. आणि 1829 मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी याच समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहून 1832 मध्ये प्रसिद्ध केले. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा असला, तरी त्या व्याकरणविद्येचा उपयोग समाजाने स्वधर्माच्या अध्ययनासाठी करून घेतला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, तर हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये स्थापन झालेल्या शाळेने समाजातील आधुनिक शिक्षणाला बळ दिले.

या क्रियापदाच्या आकलनास मराठी विशेष अनुकूल होती, कारण ‘मुलगा ऐकत नाही’ असे म्हणणारा मराठी भाषक त्याच्या श्रवणशक्तीविषयी नव्हे, तर आज्ञाधारकपणाविषयी बोलत असतो. पाठांतराने ‘शेमा’ टिकवला, तर त्याचा अर्थ स्पष्टपणे उलगडून दाखविण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकात मराठीतून लिहिणारे व्याकरणकार व अनुवादक यांना द्यावे लागते.