मॉस्कोहून आलेली अट : ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’च्या उगमाविषयी

मुद्रणस्वातंत्र्याच्या रक्षणार्थ स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा इतिहास बहुधा पश्चिमेकडून सांगितला जातो. मुक्त जगाने बंदिस्त जगातील लेखकांना हात दिला, असे त्याचे कथनसूत्र असते. लंडनहून १९७२ पासून निघणाऱ्या ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’ या नियतकालिकाचा उगम तपासला असता हे सूत्र अपुरे ठरते.

जानेवारी १९६८ मध्ये मॉस्कोत चौघांवर खटला चालला. त्यांपैकी अलेक्सांद्र गिन्झबर्ग यांनी सिन्याव्स्की व डॅनिएल या लेखकांवरील १९६६ च्या खटल्याची कागदपत्रे संकलित केली होती. यूरी गालान्स्कोव हे ‘फीनिक्स’ या अनधिकृत, टंकलिखित संग्रहाचे संपादक होते. पावेल लित्विनोव आणि लारिसा बोगोराझ यांनी या खटल्याविरुद्ध जागतिक लोकमताला जाहीर आवाहन केले. इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर यांनी ऑडेन, रसेल, स्ट्राविन्स्की आदींच्या वतीने पाठिंब्याची तार पाठविली.

एरवी हे प्रकरण येथेच संपले असते. सह्यांची पत्रके निघतात आणि विसरली जातात. परंतु त्याच वर्षी लित्विनोव यांनी स्पेंडर यांना पत्र लिहून एका स्थायी आंतरराष्ट्रीय समितीची कल्पना मांडली आणि तिला एक अटही जोडली : समितीचे स्वरूप साम्यवादविरोधी वा सोव्हिएतविरोधी नसावे, आपापल्या देशांत साम्यवादाकडे झुकलेल्या मतांसाठी छळ सोसणाऱ्यांनाही तीत स्थान असावे. ही अट ज्यांच्याकडे पोहोचली त्या स्पेंडर यांनी वर्षभरापूर्वीच ‘एन्काउंटर’ मासिकाचे संपादकपद सोडले होते, कारण त्या मासिकाला अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा पैसा मिळत असल्याचे १९६७ मध्ये उघड झाले होते. त्यांना ही अट किती बोचली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

लित्विनोव यांना ऑगस्ट १९६८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ लाल चौकात केलेल्या निदर्शनाबद्दल अटक झाली व पुढे सैबेरियात हद्दपारी भोगावी लागली. त्यांची अट मात्र पाळली गेली. पहिल्याच अंकात ग्रीसमधील लष्करी राजवटीचे बंदी, कायद्याचे प्राध्यापक मंगाकिस यांचे युरोपीयांना उद्देशून लिहिलेले पत्र होते. राजवट कट्टर साम्यवादविरोधी होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. पहिले संपादक मायकेल स्कॅमेल हे नाबोकोव्हचे अनुवादक; निषेधाचा ठराव करण्यापेक्षा निषिद्ध संहिताच भाषांतरित करून छापण्याची या नियतकालिकाची पद्धती त्यांच्या व्यवसायाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

‘फीनिक्स’च्या संपादकाला सात वर्षांची शिक्षा झाली होती. गालान्स्कोव नोव्हेंबर १९७२ मध्ये श्रमछावणीतच मरण पावले. लंडनच्या नियतकालिकाचे ते पहिलेच वर्ष होते.