कोलिनएस्टरेज चाचणीचा रक्तनमुना

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशकांची बाधा ओळखण्यासाठी रक्तातील कोलिनएस्टरेज या एन्झाइमची क्रियाशीलता मोजतात. ही चाचणी नमुना कसा घेतला आणि कसा सांभाळला यावरच तरते किंवा फसते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. मात्र डावणी-भुरी या द्राक्षरोगांवरची औषधे बुरशीनाशके असतात; त्यांचा माग या चाचणीत सहसा लागत नाही. मॅन्कोझेब हे डायथायोकार्बामेट असले तरी कार्बामेट कीटकनाशकांसारखे या एन्झाइमला रोखत नाही. नावावरून गफलत होते ती इथेच. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा परिणाम मात्र दिसतो.

नमुना घेण्याआधी कोपराच्या लवणीतली त्वचा साबण-पाण्याने धुतात. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. फवारणीच्या ब्लोअरवरून उतरून थेट आलेल्या माणसाच्या हातावरचे औषध सुईबरोबर नळीत गेले, तर एन्झाइम नळीतच निकामी होते आणि धडधाकट माणूस बाधित ठरतो. बोट टोचून घेतलेल्या रक्तात हा धोका अधिक, म्हणून रक्त शिरेतूनच घेतलेले बरे.

प्लाझ्मातील एन्झाइम यकृतात तयार होते. ते मोजण्यासाठी सिरमची लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी चालते. तांबड्या पेशींवरचे एन्झाइम मोजायचे तर रक्त गोठून चालत नाही, तेव्हा ईडीटीएची जांभळी नळी घेतात. साखरेच्या तपासणीची करडी नळी वापरू नये. तिच्यातले फ्लोराइड याच एन्झाइमला रोखते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर शक्यतो प्रॅलिडॉक्झाइम हा उतारा देण्यापूर्वी रक्त काढावे. अ‍ॅट्रोपिन मात्र अहवालासाठी अडवून ठेवायचे नसते.

रक्तात उरलेले ऑर्गॅनोफॉस्फेट नळीतही आपले काम चालूच ठेवते. कार्बामेटचे उलट आहे: त्याची पकड काही तासांत सुटते आणि उशिरा पोहोचलेला नमुना निर्दोष दिसतो. त्यामुळे सुरगाणा किंवा पेठेहून नाशिकला येणारी नळी आइस बॉक्समध्येच हवी. तिला बर्फ थेट टेकू नये आणि अख्खे रक्त गोठवू नये, कारण पेशी फुटतात. सिरम मात्र वेगळे करून गोठवता येते.

निरोगी माणसा-माणसांतही पातळीचा फरक मोठा असतो. म्हणून खरी तुलना फवारणीआधीच्या स्वतःच्याच नमुन्याशी करावी लागते, आणि रोजंदारी मजुराचा तो नमुना घेण्याचे कोणाच्या सहसा मनातही येत नाही. कीटकनाशके नियम, 1971 मध्ये अशी औषधे हाताळणाऱ्या कामगारांची पातळी दरमहा मोजण्याची तरतूद आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीत 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा या विषयाकडे राज्याचे लक्ष गेले. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतील पातळी मूळच्या 70 टक्के किंवा प्लाझ्मातील 60 टक्के इतकी उतरली, की कामगाराला त्या कामावरून हलवतात.

यकृताचा आजार, गरोदरपण, कुपोषण यांतही प्लाझ्मातील पातळी घटते; तपासणीच्या चिठ्ठीवर त्यांची नोंद असावी. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेनंतर ही पातळी काही आठवड्यांत सावरते. तांबड्या पेशींना मात्र तीन-चार महिनेही लागतात. पुढचे नमुने त्याच प्रयोगशाळेत द्यावेत, कारण पद्धत बदलली की आकडेही बदलतात.