चिमणरावांची सीडी

२००३-०४ च्या सुमारास कल्याण स्टेशनबाहेरच्या सीडीवाल्याकडे माझी फेरी ठरलेली. जुन्या नाटकांच्या व्हीसीडी चाळायच्या, घरी जायचं, आणि बाबांचा प्रश्न, "चिमणराव आला का रे?"

चि. वि. जोशींच्या कथांवरची ही मालिका सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर लागायची. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बाबांच्या चाळीत टीव्ही एकच, तोही ब्लॅक अँड व्हाईट. दाराबाहेर चपला किती, ते विचारू नका!

मला वाटायचं, आज ना उद्या सीडी निघेलच. पण त्यासाठी मूळ टेप तर हवी ना? तेव्हा टेप महाग. कार्यक्रम दाखवून झाला की दूरदर्शनमध्ये तीच पुसून पुन्हा वापरत. चिमणरावाचे बरेच भाग असेच गेले. (आपण डिस्क भरली की जुने लॉग उडवतो, तसंच.) बीबीसीनेही 'डॉक्टर हू'चे भाग पुसले, पण परदेशात विकलेल्या फिल्म प्रिंट्समुळे त्यातले कित्येक परत मिळाले. आपला चिमणराव परदेशात कोण घेणार? आणि व्हीसीआर आपल्याकडे पसरला तो ऐंशीच्या दशकात, म्हणजे घरी रेकॉर्ड करणारेही नाहीत.

असो. शेवटी बाबांना 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावून दिलं. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेलं, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरचं. बाबा मनापासून हसले. मग मध्येच म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण गुंड्याभाऊ कुठाय?"